चांद्याचे राज्य का बुडाले

वर्धा आणि वैनगंगा यांच्या मधल्या मुलखावर, आणि वैनगंगेच्या पलीकडे इंद्रावतीच्या दिशेने पसरलेल्या अरण्यावर, चांद्याच्या गोंड राजांनी काही शतके राज्य केले. आजचे चंद्रपूर आणि गडचिरोली हे दोन्ही जिल्हे या राज्याचा गाभा होते. 1751 मध्ये नागपूरकर भोसल्यांनी हे राज्य खालसा केले. 1818 मध्ये इंग्रजांच्या तोफांनी राजधानीचा तट फोडला. 1854 मध्ये सारा मुलूख कंपनी सरकारच्या ताब्यात गेला आणि 1858 मध्ये इथल्या गोंड जमीनदारांचा सशस्त्र उठाव मोडून काढण्यात आला. म्हणजे गोंडांच्या हातून सत्ता एका दिवसात, एका लढाईत गेली नाही. ती जायला शंभराहून अधिक वर्षे लागली, आणि घेणारेही दोन वेगवेगळे होते.

जगाच्या दुसऱ्या टोकाला असेच काही घडले होते, पण फार वेगाने. 1519 मध्ये एर्नान कोर्तेस पाचएकशे स्पॅनिश शिपायांसह मेक्सिकोच्या किनाऱ्यावर उतरला आणि 13 ऑगस्ट 1521 रोजी अझ्टेकांची राजधानी टेनोच्टिट्लान पडली. 16 नोव्हेंबर 1532 रोजी फ्रान्सिस्को पिझारोने 168 माणसांच्या बळावर पेरूतील काहामार्का इथे इंका सम्राट अताहुआल्पाला हजारो लोकांच्या देखत कैद केले. मूठभर परक्यांपुढे एवढी मोठी साम्राज्ये कशी कोसळली, या प्रश्नाची दोन उत्तरे सर्वांच्या तोंडी असतात. पहिले उत्तर रोगराईचे. देवीचा रोग युरोपीयांबरोबर समुद्र ओलांडून गेला. त्या खंडातल्या माणसांना तो कधीच झालेला नव्हता, म्हणून घरेच्या घरे रिकामी झाली. दुसरे उत्तर घोडा, पोलाद आणि बंदूक यांचे. तिसरे कारण त्या मानाने मागे पडते. स्पॅनिशांच्या बाजूने लढणारे बहुसंख्य सैनिक त्याच भूमीतले होते आणि त्यांना आपल्या जुन्या धन्यावर सूड उगवायचा होता.

चांद्याच्या इतिहासाचे मोल इथे आहे. पहिली दोन्ही कारणे चांद्याला लागू पडत नाहीत. देवी, गोवर, पटकी हे रोग इथे जुनेच होते. ते गोंड, मराठा आणि इंग्रज असा भेद करत नव्हते. उलट जंगलातला हिवताप बाहेरून आलेल्यालाच आधी गाठायचा. लोखंडाचे तर हे माहेरघर. सुरजागड आणि लोहारा इथल्या डोंगरांत उत्तम प्रतीचे खनिज आहे आणि गावोगावच्या भट्ट्यांत ते गाळले जाई. घोडदळ चांद्याच्या राजाकडेही होते आणि तोफ, बंदूक कुणाला नवी नव्हती. तरीही राज्य गेले. ते का गेले हे पाहू लागले की तिसरे कारण एकटे उरते आणि त्याची ताकद कळते.

चांद्याच्या राजवंशाची सुरुवात परंपरा भीम बल्लाळसिंहापासून सांगते. पहिली राजधानी सिरपूर. हे गाव आता तेलंगणात आहे. तिथून ती वर्धेच्या काठी बल्लारपूरला आली आणि खांडक्या बल्लाळशहाच्या काळात झरपट नदीच्या काठी नवे नगर वसले, तेच चांदा किंवा चंद्रपूर. या नगराभोवती सुमारे अकरा किलोमीटर लांबीचा दगडी तट बांधण्यात आला. हे काम कित्येक पिढ्या चालले. त्याला जटपुरा, बिनबा, पठाणपुरा आणि अंचलेश्वर असे चार दरवाजे, आणि बगड, हनुमान, विठोबा, चोर, मसाण अशा पाच खिडक्या. पश्चिमेला इरई, पूर्वेला झरपट, आणि दरवाजांवर हत्तीला पायाखाली घालणारा सिंह, हे गोंड राजांचे चिन्ह. आजही शहरातला माणूस पत्ता सांगताना याच दरवाजांची नावे घेतो.

तटापेक्षाही मोठे काम तलावांचे होते. जो कोणी जंगल तोडून जमीन वहितीला आणेल किंवा तलाव बांधून पाणी अडवेल, त्याला त्या पाण्याखाली येणारी जमीन इनाम द्यायची, अशी पद्धत हिरशहा राजाने घातल्याचे सांगतात. अशा जमिनीला तुकुम म्हणत, आणि चंद्रपुरातल्या एका मोठ्या वस्तीला अजून तेच नाव आहे. पूर्व विदर्भातली धानाची शेती ज्या तलावांवर उभी राहिली, त्यांतल्या अनेकांचे मूळ या धोरणात आहे. जंगलात राहणाऱ्यांना राज्यकारभार कळत नव्हता आणि म्हणून ते हरले, असे म्हणणाऱ्याने हे तलाव एकदा पाहावेत. 1869 मध्ये जिल्ह्याची जमाबंदी करणारा इंग्रज अधिकारी मेजर लूसी स्मिथ यानेही गोंड राजांच्या काळातली सुबत्ता नंतर या मुलखाने पुन्हा पाहिली नाही, असाच अभिप्राय दिला.

या राज्याची बाहेरही प्रतिष्ठा होती. अकबराच्या काळात अबुल फजलने लिहिलेल्या ऐन-ए-अकबरीत चांद्याच्या बाबाजी बल्लाळशहाचा उल्लेख येतो. त्याच्या पदरी 40,000 पायदळ असल्याचे त्यात म्हटले आहे. वैरागडच्या हिऱ्यांच्या खाणीची नोंदही तिथेच सापडते. हे वैरागड आज गडचिरोली जिल्ह्याच्या आरमोरी तालुक्यात आहे.

राज्याचे बळ कशात होते आणि उणीव कुठे होती, हे त्याच्या रचनेवरून दिसते. वर्धा आणि वैनगंगा यांच्यामधला सपाट, काळ्या मातीचा आणि तलावांचा भाग थेट राजाच्या अमलाखाली होता. तिथे परगणे होते, देशमुख-देशपांडे होते आणि हिशेब ठेवणारे बहुतेक मराठी बोलणारे कारकून होते. वैनगंगेच्या पूर्वेला मात्र जमीनदाऱ्या होत्या. अहेरी ही त्यांत सर्वांत मोठी. अडपल्ली, घोट यांसारख्या लहान जमीनदाऱ्याही होत्या. हे जमीनदार राजाला नाममात्र टकोळी, म्हणजे खंडणी, देत, लढाईला माणसे पाठवत आणि एरवी आपल्या मुलखाचे धनी असत. राजधानी पडली तरी हा अर्धा भाग आपोआप पडत नसे. राजाला वाचवायला तो धावून येईलच, याचीही खात्री नसे.

पहिला मोठा घाव मोगलांनी घातला. 1667 मध्ये औरंगजेबाचा सरदार दिलेरखान चांद्यावर चालून आला. राजाने लढाई टाळली आणि एक कोटी रुपयांच्या घरातला दंड व पुढे दरसाल खंडणी कबूल केली. राज्य वाचले, पण पिढ्यान्‌पिढ्यांचा साठा बाहेर गेला. तेव्हापासून चांदा स्वतंत्र म्हणवला तरी त्याच्या तिजोरीवर दुसऱ्याचा हक्क लागला होता. त्याच मोहिमेत दिलेरखानाने देवगडच्या गोंड राजाकडूनही खंडणी वसूल केली. देवगड आणि चांदा ही दोन्ही गोंड राज्ये शेजारी होती आणि त्यांच्यात सलोखा क्वचितच राहिला. समोर मोगल उभा असतानाही ती एकत्र आली नाहीत. देवगडच्या बख्त बुलंदने तर आपल्या घरातली भांडणे मिटवण्यासाठी औरंगजेबाचा आश्रय घेतला, इस्लाम स्वीकारला आणि त्या बळावर गादी मिळवली. पुढे त्यानेच नागपूर शहर वसवले.

चांद्याला यानंतर एक चांगला काळ मिळाला. राजा वीरशहाचा खून झाल्यावर त्याची राणी हिराई यांनी दत्तक मुलाच्या नावाने कारभार हाती घेतला. पतीची अंचलेश्वर दरवाजाजवळची भव्य समाधी आणि महाकालीचे मंदिर ही त्यांची कामे. चैत्रात मराठवाड्यातून आणि तेलंगणातून लोक ज्या महाकालीच्या यात्रेला येतात, ती हीच. त्यांचा दत्तक पुत्र रामशहा याची कारकीर्द 1719 ते 1735 अशी धरतात. तो नेमस्त आणि लोकांना प्रिय होता. याच सुमारास वऱ्हाडात रघुजी भोसले यांचा उदय झाला, पण रामशहाच्या हयातीत त्यांनी चांद्याला हात लावला नाही.

रघुजींचे पाऊल गोंडवनात पडले ते देवगडच्या दारातून, आणि ते दार आतूनच उघडले गेले. 1738-39 च्या सुमारास देवगडचा चांद सुलतान वारला. वली शहाने गादी बळकावली. चांद सुलतानाची विधवा राणी रतनकुंवर हिने आपल्या मुलांच्या हक्कासाठी वऱ्हाडातून रघुजींना बोलावले. रघुजी आले, वली शहाचा पाडाव झाला, बुऱ्हाणशहा आणि अकबरशहा हे दोघे भाऊ गादीवर बसले. मदतीचा मोबदला म्हणून रघुजींना मुलखाचा हिस्सा मिळाला. चार वर्षांत हे भाऊच एकमेकांवर उठले. 1743 मध्ये बुऱ्हाणशहाने पुन्हा रघुजींना हाक दिली. अकबरशहा निजामाकडे पळाला, बुऱ्हाणशहाला नेमणूक बांधून देण्यात आली आणि नागपूर ही भोसल्यांची राजधानी झाली. पेरूत पिझारो उतरण्याआधी हुआस्कार आणि अताहुआल्पा या भावांत गादीसाठी लढाई झाली होती आणि निम्मे साम्राज्य विजयी भावाचा द्वेष करत होते. देवगडच्या कहाणीत आणि त्या कहाणीत एवढाच फरक की पेरूला पिझारो न बोलावता आला. रघुजींना मात्र राजघराण्याने स्वतःहून बोलावले होते.

चांद्यात रामशहानंतर नीलकंठशहा गादीवर आला. त्याच्याविषयी परंपरेने एकही चांगला शब्द राखलेला नाही. त्याने बापाचा दिवाण महादोजी वैद्य याला ठार करवले, जुन्या कारभाऱ्यांना दूर केले आणि रयतेवर जुलूम केला, असे सांगतात. विजेत्यांच्या काळात लिहिल्या गेलेल्या अशा वर्णनांना थोडी सूट द्यावी लागते, कारण हरलेला राजा दुष्टच ठरवला जातो. पण त्याचे स्वतःचे सरदार आणि कारभारी त्याच्यावर नाराज होते, हे पुढच्या घटनांनी सिद्ध झाले. 1748 मध्ये रघुजींच्या गैरहजेरीत देवगडचा दिवाण रघुनाथसिंह उठला आणि नीलकंठशहा त्याला मिळाला. दोन्ही गोंड राज्ये प्रथमच एका बाजूला उभी राहिली, पण तोवर त्यांतले एक जवळजवळ संपले होते. रघुजींनी परत येऊन रघुनाथसिंहाचा पराभव केला आणि मग ते चांद्यावर वळले.

त्यापुढे जे झाले ते या सबंध इतिहासाचे मर्म आहे. एवढा मोठा तट, भोवती नद्या, आत पाणी आणि धान्य. असे नगर महिनोन्‌महिने झुंजवता आले असते. पण सरदारांनी राजाची साथ सोडली आणि चांदा लढाईशिवाय, फितुरीने हाती आले. 1749 च्या तहाने नीलकंठशहाने राज्याच्या उत्पन्नाचा दोन तृतीयांश हिस्सा भोसल्यांना लिहून दिला. दोनच वर्षांनी, 1751 मध्ये, उरलेला हिस्साही गेला. नीलकंठशहाला बल्लारपूरच्या किल्ल्यात कैदेत ठेवण्यात आले आणि तो तिथेच वारला. त्याचा मुलगा बल्लाळशहा याने पुढे राज्य परत मिळवण्याचा प्रयत्न केला, पण तो फसला.

त्याच 1751 मध्ये बंगालच्या अलीवर्दीखानाने रघुजींशी तह केला आणि ओरिसाचा वसूल व वर्षाला 12 लाख रुपये चौथाई देण्याचे मान्य केले. ज्याच्या मागे वऱ्हाड, नागपूर, ओरिसा आणि बंगालचा पैसा होता, त्याच्याशी चांद्याची गाठ होती. मोगलांनी रिती केलेली तिजोरी, दुरावलेले कारभारी आणि वैनगंगेपलीकडचे अलिप्त जमीनदार एवढेच नीलकंठशहाकडे उरले होते. भोसल्यांची हत्यारे गोंडांच्या हत्यारांहून फार वेगळी नव्हती. फरक लांबवर पैसा गोळा करून फौज उभी ठेवण्याच्या कुवतीचा होता.

भोसल्यांच्या घराण्यात चांदा धाकट्या पातीकडे गेला. रघुजींचे पुत्र मुधोजी यांना तो सेनाधुरंधर या किताबासह मिळाला, पुढे मुधोजींचे पुत्र व्यंकोजी आणि त्यांचे पुत्र आप्पासाहेब यांच्याकडे तो आला. या काळात जमीनदाऱ्या जवळपास जशाच्या तशा राहिल्या. सपाट मुलखाचे मात्र हाल झाले. 1803 मध्ये इंग्रजांकडून हार झाल्यावर देवगावच्या तहाने नागपूरच्या गादीवरच्या दुसऱ्या रघुजींना कटक आणि वर्धेच्या पश्चिमेचे वऱ्हाड सोडावे लागले, आणि गेलेल्या मुलखाची तूट राहिलेल्या रयतेकडून काढण्यात आली. त्यावर पेंढाऱ्यांच्या धाडी. तलाव फुटले ते नीट झाले नाहीत, गावे ओस पडली. गोंडांचा मुलूख जिंकणाऱ्यांना तो राखता आला नाही, ही भोसलेशाहीची मोठी चूक मानावी लागेल.

26 आणि 27 नोव्हेंबर 1817 रोजी इंग्रजांशी सीताबर्डीची लढाई झाली. आप्पासाहेबांचा पराभव झाला. दुसरे बाजीराव पेशवे त्यांना मिळण्यासाठी चांद्याच्या रोखाने निघाले होते, पण एप्रिल 1818 मध्ये वर्धेच्या पश्चिमेला कर्नल अ‍ॅडम्सने त्यांची फौज उधळली. मे महिन्यात अ‍ॅडम्स चांद्यापुढे आला. किल्लेदार गंगासिंह याने शरण जायला नकार दिला. तोफांनी तटाला खिंडार पाडले आणि 20 मे 1818 रोजी इंग्रज फौज आत घुसली. गंगासिंह लढता लढता पडला. गोंड राजांनी बांधलेला तट अशा रीतीने एकदाच लढवला गेला, तो त्यांचे राज्य गेल्यावर 67 वर्षांनी आणि भोसल्यांच्या किल्लेदाराच्या हातून. शस्त्रांचा फरक खरोखर निर्णायक ठरला असेल तर तो या एका प्रसंगी. हा तट पायदळ-घोडदळ अडवण्यासाठी उभारला होता. एकोणिसाव्या शतकातला वेढ्याचा तोफखाना त्याने सोसणे शक्यच नव्हते.

यानंतर इंग्रज अधिकाऱ्यांनी चांद्याचा कारभार भोसल्यांच्या नावाने पाहिला आणि 1830 मध्ये तो तिसऱ्या रघुजींना परत दिला. 11 डिसेंबर 1853 रोजी ते निपुत्रिक वारले. डलहौसीने दत्तक नामंजूर करून 1854 मध्ये नागपूरचे राज्य खालसा केले. त्या वर्षअखेरीस चांद्यात पहिला डेप्युटी कमिशनर रुजू झाला. या वेळी लढाई झाली नाही, तलवार उपसली गेली नाही. एका कागदावर मुलूख बदलला.

हा कागदी अंमल जंगलातल्या जमीनदारांना मोगल किंवा भोसल्यांच्या अमलाहून वेगळा जाणवला. आधीच्या धन्यांना टकोळी पुरत असे. या सरकारला मोजणी, नोंदी, कचेरी आणि हुकूम पाळणारा जमीनदार हवा होता. अहेरी भागातल्या किष्टापूरचे बाबूराव पुलेश्वर शेडमाके यांचा जन्म 12 मार्च 1833 चा. मोलमपल्लीच्या जमीनदार घराण्यातले हे तरुण रायपूरला इंग्रजी शाळेत शिकून आले होते, म्हणजे नव्या सत्तेची रीत त्यांना जवळून ठाऊक होती. 1857 च्या उत्तरार्धात त्यांनी गोंड, माडिया आणि रोहिल्या तरुणांचे पथक उभारले. त्याला जंगोम सेना म्हणतात. मार्च 1858 मध्ये त्यांनी राजगड परगणा ताब्यात घेतला. डेप्युटी कमिशनर कॅप्टन क्रिक्टन याने पाठवलेल्या फौजेशी 13 मार्च रोजी नांदगाव-घोसरी इथे गाठ पडली आणि फौजेला मार खावा लागला. अडपल्ली व घोटचे जमीनदार व्यंकटराव त्यांना येऊन मिळाले. गढीसुर्ला, सगणापूर, बामणपेठ इथे चकमकी झाल्या. 29 एप्रिल 1858 रोजी प्राणहितेच्या काठी चिंचगुंडी इथल्या तारखात्याच्या छावणीवर हल्ला झाला आणि गार्टलंड व हॉल हे दोन इंग्रज कर्मचारी मारले गेले. उठाववाल्यांनी नेमके तारखात्याला गाठले, यावरून नव्या सत्तेचा जोर कशात आहे हे त्यांनी ओळखले होते, असे मानायला जागा आहे.

जंगल गोंडांच्या बाजूने होते. वाटा त्यांच्या ओळखीच्या होत्या आणि उन्हाळा, पाऊस व ताप हे सरकारी फौजेचे शत्रू होते. तेवढ्यावर हा लढा बराच काळ चालू शकला असता. तो संपला तो अहेरीमुळे. अहेरीच्या जमीनदारीण लक्ष्मीबाई यांच्यावर क्रिक्टनने दबाव आणला. बंडखोर पकडून दिला तर बक्षीस, न दिला तर जमीनदारीवर गदा, असा तो व्यवहार होता. बाबूराव एकदा हाती लागून निसटले. सप्टेंबर 1858 मध्ये लक्ष्मीबाईंच्या माणसांनी त्यांना पुन्हा पकडले आणि इंग्रजांच्या हवाली केले. 21 ऑक्टोबर 1858 रोजी चांद्याच्या तुरुंगात त्यांना फाशी देण्यात आली. हा तुरुंग गोंड राजांच्या जुन्या वाड्याच्या जागेत होता. व्यंकटराव बस्तरमध्ये शिरले, पण 1860 मध्ये तेही पकडले गेले आणि त्यांना जन्मठेप झाली. अडपल्ली आणि घोट या जप्त जमीनदाऱ्यांतली गावे बक्षीस म्हणून लक्ष्मीबाईंना मिळाली.

लक्ष्मीबाईंना केवळ फितूर म्हणून मोकळे होणे सोपे आहे आणि लोकस्मृतीने तसे केलेही आहे. पण अहेरीच्या बाजूने पाहिले तर गोष्ट वेगळी दिसते. अहेरीने चांद्याचा राजा पाहिला, भोसले पाहिले, इंग्रज पाहिले. प्रत्येक वेळी वरचा धनी बदलला आणि अहेरी राहिली. शेजारच्या लहान जमीनदाराच्या उठावात आपले सर्वस्व पणाला लावायचे, की आलेल्या धन्याशी जमवून घ्यायचे, हा प्रश्न त्यांच्यापुढे होता. मेक्सिकोतल्या त्लाश्कालाच्या लोकांनीही हाच हिशेब केला. अझ्टेकांनी चहूकडून कोंडलेल्या या राज्याने आधी कोर्तेसशी लढाई केली, मग त्याच्याशी हात मिळवला आणि टेनोच्टिट्लानच्या वेढ्यात हजारो सैनिक दिले. त्या बदल्यात त्यांना स्पॅनिश राजाकडून सवलती मिळाल्या आणि त्यांनी त्या पुढे कित्येक पिढ्या टिकवून धरल्या. सगळे गोंड एक, किंवा सगळे मूळनिवासी एक, ही जाणीव त्या काळात नव्हती. बाहेरून आलेल्याला सगळे एकसारखे दिसत. आतल्या माणसाला आधी शेजारचे वैर दिसे. जिंकणाऱ्याने हा फरक ओळखला आणि वापरला.

आणखी एक गोष्ट दोन्ही खंडांत सारखी आहे. जिथे सत्ता एका राजाच्या, एका नगराच्या हाती एकवटली होती तिथे ती लवकर गेली. अताहुआल्पा सापडला आणि पेरूचे यंत्र थांबले. नीलकंठशहा सापडला आणि चांदा संपला. जिथे सत्ता रानात विखुरलेली होती तिथे जिंकणाऱ्याला दमावे लागले. इंकांच्या उरलेल्या घराण्याने विल्काबाम्बाच्या जंगलातून 1572 पर्यंत झुंज दिली, माया लोकांचे इत्झा राज्य ग्वाटेमालातल्या तलावातल्या बेटावर 1697 पर्यंत टिकले आणि चिलीच्या दक्षिणेतले मापुचे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत आपला मुलूख राखून होते. वैनगंगेपलीकडचे जमीनदार याच जातीचे. राजधानी पडल्यावर एका शतकाहून अधिक काळ ते आपापल्या डोंगरांत स्वतंत्रपणे नांदत होते, आणि त्यांना वाकवायला इंग्रजांना त्यांच्यातलीच एक जमीनदारी हाताशी धरावी लागली.

रोगराईने पराभवाचे कारण बदलले नाही, परिणाम मात्र बदलला. मेक्सिको आणि पेरूमध्ये पराभवानंतरच्या शतकात निम्म्याहून कितीतरी अधिक माणसे मेली आणि विजेत्यांनी रिकाम्या जमिनीवर आपला देश वसवला. चांद्यात राज्य गेले, पण माणसे राहिली. भाषा, देव, गोटूल (तरुणांचे सामुदायिक घर), पेन (कुळदैवते), गावाच्या हद्दी आणि जमिनीवरचा दावा हे सारे त्यांच्याबरोबर राहिले. अमेरिकेतल्या विजयाची जी कारणे आपण रोग आणि पोलाद म्हणून सांगतो, त्यांतला रोग हा प्रामुख्याने त्या विजयाच्या कायमपणाचे कारण आहे, असे चांद्याच्या उदाहरणावरून म्हणता येते. राज्य पाडायला शेजाऱ्यांचे वैर, दुरावलेले कारभारी आणि लांबून येणारा पैसा पुरेसा होता.

1982 मध्ये चंद्रपूर जिल्ह्याचा वैनगंगेपलीकडचा भाग वेगळा काढून गडचिरोली जिल्हा झाला. 2011 च्या जनगणनेनुसार तिथल्या लोकसंख्येत अनुसूचित जमातींचे प्रमाण 38.7 टक्के आहे. बाबूराव शेडमाके यांच्यावर भारतीय टपाल खात्याने 2009 मध्ये तिकीट काढले. अडपल्ली आणि घोटची गावे ज्या अहेरी जमीनदारीला बक्षीस मिळाली होती, ती जमीनदारी 31 मार्च 1951 रोजी, तेव्हाच्या मध्य प्रदेश सरकारने मालकी हक्क रद्द करणारा कायदा लागू केला तेव्हा, इतर सर्व जमीनदाऱ्यांबरोबर संपुष्टात आली.